उतारा कोणी वाचला?

साहेब, तुम्ही एका मुलीला चोर ठरवलंत, आणि ठरवताना समोरचा कागद वाचायचे कष्टही घेतले नाहीत. हा आरोप आहे, विनंती-बिनंती नाही. तुमच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत लोक हात चोळत कसे बोलतात ते मी पाहिलंय. मला तसं बोलता येत नाही आणि शिकायचंही नाही. तुमच्याच माणसाने तुमच्याच हुकमावरून केलेला तपास इथे मांडतोय. शेवटी एक प्रश्न विचारणार आहे. तोवर खुर्ची सोडू नका.

तुमचा फोन आला तेव्हा तपासनीस दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण होता.

"आजच्या आज शाळेत जा," तुम्ही म्हणालात. "पूर्वपरीक्षेचा इंग्रजीचा पेपर फुटलाय. चोर सापडलाय. फक्त कागद रंगवून आणायचेत."

"चोर सापडलाय तर मी कशाला, साहेब?"

"सही कोण करणार? तुमचे काका?"

तपासनीस हसला. वरिष्ठांच्या विनोदाला हसायचं असतं म्हणून हसला. त्या हसण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या खोलीत काचेचं कपाट होतं, कपाटात ढाली होत्या, आणि सगळ्यांच्या वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: शंभर टक्के निकाल. बाईंनी प्रश्नपत्रिका पुढे सरकवली.

"पहिलाच प्रश्न. उतारा वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्या. पण छपाईत घोळ झाला. वर उतारा आला दीपगृहाचा आणि खाली प्रश्न आले एका म्हाताऱ्या घड्याळजीचे. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही."

"मग मुलांनी लिहिलं काय?"

"घड्याळजीची उत्तरं. प्रत्येकाने. बिनचूक. तुमच्या कचेरीत फेरतपासणी झाली तेव्हा शेरा आला, की जे कागदावर नाहीच ते यांना कळलं कुठून? पेपर फुटल्याशिवाय?"

"प्रत्येकाने लिहिली?"

"एक सोडून." बाईंनी एक उत्तरपत्रिका दोन बोटांत धरून उघडली, जसं काही ती ओली होती. प्रत्येक प्रश्नाखाली तीच ओळ होती: द आन्सर इज नॉट इन द पॅसेज. पुढे लाल शाईत शून्य.

"आणि चोर कोण?"

"हीच."

"शून्य मिळालेली?"

"अहो, हिचे वडील आमचे झेरॉक्सवाले. जिन्याखाली मशीन आहे, पेपरच्या प्रती त्यांनीच काढल्या. आणि ही कार्टी सरावाच्या तासाला वर्गात नसायची, मशीनपाशी बसलेली असायची. पेपर बाहेर काढला, वर्गात वाटला आणि ऐन वेळी साळसूद बनली."

"साळसूद बनायला कोणी शून्य घेतं का?"

बाई पुढे झुकल्या. "मला एक सांगा. उतारा चुकलाय हे अख्ख्या वर्गात एकालाही कळलं नाही. हिलाच कसं कळलं? खरा पेपर आधी पाहिला असल्याशिवाय?"

तपासनिसाने मान डोलावली. मुद्दा बिनतोड वाटला. वाचणाऱ्या, तुलाही वाटला असेल तर थांब जरा.

भिंतीपलीकडे वर्ग एका सुरात काहीतरी म्हणत होता. शब्द कळत नव्हते. फक्त 'बिकॉज' आला की सगळे मिळून जोर देत, ओझं उचलताना देतात तसा.

"मुख्य परीक्षेचा सराव," बाई अभिमानाने म्हणाल्या. "या मुलीला मात्र बसू देणार नाही. साहेबांचा तोंडी हुकूम झालाय. बापालाही उद्यापासून नारळ. तुमचा अहवाल तेवढा संध्याकाळी पोचू द्या."

म्हणजे संध्याकाळपर्यंतचाच वेळ. तेवढ्यात एका मुलीचं वर्ष जाणार होतं आणि एका घरातली चूल विझणार होती.

इंग्रजीचे सर आले. खिशात पेनाशेजारी बोथट टोकाची कात्री. बोटांच्या टोकांवर सुकलेल्या डिंकाची सालपटं. मुलं त्यांना 'कात्री सर' म्हणत.

"पेपर तुम्हीच काढलात?"

"हो."

"कसा काढता?"

"जुन्या सरावाच्या कागदांतून. इकडचा तुकडा, तिकडचा तुकडा. चिकटवायचं आणि मशीनवर द्यायचं. सगळे असंच करतात."

"मग घोळ कुठे झाला?"

"मशीनवर. झेरॉक्सवाल्याने पानं उलटीपालटी केली असणार."

"उत्तरपत्रिका कोणी तपासल्या?"

"मीच."

"तपासताना लक्षात नाही आलं, वरचा उतारा भलताच आहे म्हणून?"

सरांनी कात्री खिशातून काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. "उत्तरं बरोबर होती ना."

"आणि ती मुलगी?"

"शंकासुर आहे हो ती. सारखं आपलं का, कशावरून, कुठे लिहिलंय. सरावाची लय बिघडते. म्हणून मीच तिला बाहेर पाठवायचो."

तपासनिसाने हे ऐकलं आणि सोडून दिलं. चोर आधीच मिळालेला असला की कानही आळशी होतात.

जिन्याखालची खोली म्हणजे खोली कसली, जिन्याच्या पोटातली सांदच. उभं राहायचं तर मान वाकवावी लागे. मशीन बंद होती. मुलीचे वडील मशीनच्या काचेवरून फडकं फिरवत होते. काच लख्ख होती, तरी फिरवत होते. मुलगी कागदाच्या गठ्ठ्यावर बसली होती, गुडघे जवळ घेऊन.

तपासनिसाने नेहमीचा आवाज लावला. "हे बघ, कबूल केलंस तर सोपं जाईल. पेपर कोणाकोणाला दिलास?"

"नाही दिला."

"मग उतारा चुकलाय हे तुला कसं कळलं?"

ती काही बोलायच्या आत वडील बोलले. आवाज अगदी खाली गेला होता. "बाळा, केलं असशील तर सांगून टाक गं. साहेब मोठे आहेत. पाया पडू आपण."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. बाईंनी चोर म्हटलं तेव्हा ती रडली नव्हती. आत्ता तिने ओठ दातांखाली धरला आणि तपासनिसाकडे वळली.

"सर, तो उतारा चुकीचा आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला? फेरतपासणीचा शेरा आहे ना."

"म्हणजे कोणीतरी लिहून दिलं म्हणून."

"हो."

"मला कोणी लिहून दिलं नव्हतं." ती थांबली. "तुम्ही वाचलात का तो?"

साहेब, तुमचा तपासनीस त्या सांदीत मान वाकवून उभा होता. बाईंनी दिल्यापासून प्रश्नपत्रिका त्याच्या पिशवीत होती. त्याने शेरा वाचला होता, गुण वाचले होते, तुमचा निरोप ऐकला होता. उतारा वाचला नव्हता.

तो दुसऱ्या गठ्ठ्यावर बसला आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागला. त्याचं इंग्रजी बेताचंच. कचेरीत ते झाकलं जायचं. एका खडकावर दीपगृह. दिवा लावणारा माणूस आजारी. समुद्रात धुकं, आणि त्याची बहीण जिना चढून वर जाते. मग प्रश्न. म्हाताऱ्या घड्याळजीने दुकान का बंद केलं? तो पुन्हा वर गेला. खडक, धुकं, जिना. दुकान कुठेच नव्हतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"नाहीये," तो म्हणाला.

"नाहीच आहे," ती म्हणाली. "मी पण दोनदा शोधलं. मला वाटलं, मलाच येत नसेल."

तपासनिसाचे कान तापले. पण या खेपेला ते जागे झाले होते. उतारा आणि प्रश्न यांच्या मधोमध त्याला एक फिकट करडी रेघ दिसली. चिकटवलेल्या तुकड्याची कड. दोन्ही तुकडे एकाच पानावर होते. पान एकच असेल तर मशीनवर उलटंपालटं काय होणार?

"चल," तो उठताना म्हणाला. जिन्याला डोकं आपटलं. "तूही चल. आणि काका, तुम्हीसुद्धा."

वर्गात कात्री सर फळ्यापाशी होते. मोठ्या बाई मागोमाग आल्या. मुलं उभी राहिली आणि बसली. मुलगी आत आली तशी मागून कुणीतरी कुजबुजलं, "आला शंकासुर." हशा पिकला.

"पूर्वपरीक्षेतला पहिला उतारा आठवतो?" तपासनिसाने विचारलं.

"होऽ सर!"

"कशावर होता?"

"घड्याळजी!"

"समुद्र होता का त्यात? दिवा, खडक, धुकं?"

मुलं हसली. एकजण म्हणाला, "सर, तो दुसऱ्या शाळेचा पेपर असेल."

बाईंच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

"बरं. आता मी एक प्रश्न विचारतो. व्हाय डिड द ओल्ड वॉचमेकर..."

प्रश्न पुरा होऊ दिलाच नाही. अख्खा वर्ग एका सुरात सुटला: "द ओल्ड वॉचमेकर क्लोज्ड हिज शॉप, बिकॉऽज हिज आईज हॅड ग्रोन वीक!" भिंतीपलीकडून ऐकलेला तोच जोर. मुलांचे चेहरे खुलले होते. तपासायला आलेल्या पाहुण्यासमोर उत्तर आलं होतं.

"छान. आता अर्थ सांगा."

मुलं फळ्याकडे बघू लागली.

"बिकॉज म्हणजे काय?"

पुढच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. हुशार असावा, कारण नम्रपणे बोलला. "सर, अर्थ परीक्षेत नसतो."

तपासनिसाने मुलांना मैदानावर पाठवलं. मुलगी आणि तिचे वडील दाराशी थांबले.

"बाई, पेपर फुटला असता तर चोराच्या हाती काय लागलं असतं?" तो म्हणाला. "मशीनवर आलेला कागद. त्यावर होतं दीपगृह. तो कागद रात्रंदिवस उशाला घेऊन झोपलं असतं तरी घड्याळजीचं दुकान का बंद पडलं ते कळलं नसतं. उत्तरं त्या कागदावर नव्हतीच. म्हणजे ती मशीनपासून निघाली नाहीत. ती निघाली जिथे घड्याळजीचा खरा उतारा आणि त्याचे प्रश्न एकत्र होते तिथून. सरांच्या सरावाच्या कागदांतून."

बाई म्हणाल्या, "पण मग उतारा बदलला कोणी?"

"कात्रीने. सरांनी प्रश्न कापले एका कागदावरून आणि उतारा दुसऱ्यावरून. चिकटवले एकाच पानावर. कड छापलेली दिसतेय. चिकटवताना वाचलं नाही. तपासताना वाचलं नाही. मुलांनी तर वाचायचा प्रश्नच नव्हता, त्यांना उतारा कधी दाखवलाच नव्हता. सराव चालतो तो प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर. ती सुरुवातीचा शब्द ओळखतात आणि सुटतात. एकाच मुलीला ही उत्तरं पाठ नव्हती, कारण शंका विचारते म्हणून सर तिला सरावातून हाकलत होते. जाणार कुठे? बापापाशी बसायची. परीक्षेत तिच्यापुढे दुसरा उपायच नव्हता. तिला उतारा वाचावा लागला. तुम्ही विचारलंत ना, हिलाच कसं कळलं? असं कळलं."

बाईंनी खुर्ची शोधली आणि बसल्या. मग सरांकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

कात्री सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. "मी भूगोलाचा माणूस, बाई. वरून हुकूम आला, इंग्रजी घ्या. मी लिहून कळवलं होतं, जमणार नाही म्हणून. उत्तर आलं, निकाल शंभर टक्के ठेवा. उतारा मलाच अर्धामुर्धा कळतो. मुलांना काय वाचायला लावू? उत्तरं छापील मिळतात. ती घोकून घेतो."

"पण या पोरीवर आळ आला तेव्हा तरी बोलायचंत!"

सर वळले. त्यांना मुलीकडे बघवेना, म्हणून ते तिच्या वडिलांच्या हातातल्या फडक्याकडे बघत बोलले. "आधी मला वाटलं, खरंच हिने चोरला असेल. नुसतं वाचून कोणाला कळत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नंतर आलं. तेव्हा भीती वाटली."

मग वडिलांनी फडकं खांद्यावर टाकलं, मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि हात मध्येच मागे घेतला. मघाशी आपण काय बोललो ते त्यांना आठवलं असावं. मुलीनेच तो हात ओढून धरला.

तपासनीस तिच्यापुढे आला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "मी वाचल्याशिवाय तुला विचारायला आलो."

तिने मान हलवली. आणि लगेच, स्वभावाप्रमाणे, विचारलं, "मग सर, माझ्या उत्तरांना गुण किती?"

"ते साहेब ठरवतील," तो म्हणाला.

अहवाल त्याच संध्याकाळी तुमच्या टेबलावर पोचला, साहेब. बापाची नोकरी वाचली. मुलीला मुख्य परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. तेवढ्यासाठी तुमचे आभार मानायला मी आलेलो नाही. कारण त्याच अहवालावर तुम्ही हिरव्या शाईत लिहिलंत: 'सदर विद्यार्थिनीची उत्तरे आदर्श उत्तरांशी जुळत नसल्याने शून्य गुण कायम. इतरांचे पूर्ण गुण कायम. प्रकरण बंद.' म्हणजे ज्यांनी उतारा वाचला नाही त्यांना वाचनाचे पूर्ण गुण. जिने वाचला तिला शून्य.

तपासनीस दोनदा तुमच्या दारात जाऊन आला. तुम्ही भेटला नाहीत. ती मुलगी अजून विचारते. आता मी विचारतोय, चारचौघांत विचारतोय.

तिची उत्तरं बरोबर होती की चूक? प्रश्नपत्रिका सोबत जोडली आहे. उतारा वाचा, साहेब, आणि पूर्ण वाक्यात उत्तर द्या.