सगळ्यांचा एकच आवाज

"अगो बाय, तुझ्या ह्या पोरांका डोळे आसत की बटणां? लेडलाखाली मराक इलेत काय?" लवू परब क्रेनच्या केबिनमधून खेकसला.

खाली उभ्या असलेल्या इंदुमती खोतांच्या कानात आलं, "परब. बाई, सहकाऱ्यांना लेडलपासून दूर राहण्यास सांगावं, ही विनंती."

इंदुमतीबाई गालात हसल्या. परबच्या तोंडून विनंती निघालेली नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हात करून पोरांना मागे सारलं. वितळलेल्या लोखंडानं भरलेलं ते मोठं भांडं, लेडल, डोक्यावरून पुढे सरकलं.

कोल्हापूरजवळच्या त्या ओतकाम कारखान्यात 'समस्वर' येऊन वर्ष होत आलं होतं. भट्टीच्या घरघरीनं कान जातात म्हणून तिथे सगळे पहिल्यापासूनच जाड कानटोप घालत आणि त्यांतल्या माइकवरूनच एकमेकांशी बोलत. समस्वर त्या कानटोपातच बसवलेला होता. माणूस बोलला की तोंडापुढचा माइक ते बोलणं टिपी. समस्वर त्यातला अर्थ तेवढा ठेवी. राग, टोमणा, गावाकडचा हेल चाळून काढी. उरलेलं बोलणं दुसऱ्याच्या कानात एकाच शांत, अदबशीर आवाजात पोचे. कोण बोललं ते कळावं म्हणून आधी नाव येई. मालवणी असो, कोल्हापुरी असो, वऱ्हाडी असो, कानाशी येईपर्यंत सगळं सारखं.

तो आणवला होता पाळीच्या प्रमुख इंदुमतीबाईंनी. मॅनेजरच्या मागे लागून आणवला होता, आणि तो भरत मडावीसाठी.

मडावी धातूचा इंजिनिअर. गडचिरोलीच्या आतल्या गावचा. घरची बोली गोंडी, आणि मराठी तिकडच्या वळणाची. ओतण्याआधी लोखंडाचा ताप मोजून तो मोठ्यानं सांगायचा हे त्याचं काम. तो आकडा सांगे, आणि साच्यापाशी उभा असलेला रणजित चौगुले तोच आकडा त्याच्या हेलात पुन्हा म्हणे. मग हशा पिके. रणजितला त्यात काही वावगं वाटत नसे. "चेष्टा केल्याबिगर दिस जातोय व्हय?" असं त्याचं म्हणणं. मडावी हळूहळू बोलेनासा झाला. एकदा लोखंड निवत चाललेलं दिसूनही त्यानं तोंड उघडलं नाही आणि सगळे साचे वाया गेले. त्या संध्याकाळी तो राजीनामा घेऊन इंदुमतीबाईंपुढे उभा राहिला.

समस्वर आला आणि हसणं थांबलं. हसण्याजोगं काही कानावर येतच नव्हतं. मडावी पुन्हा बोलू लागला, मॅनेजरशी वादही घालू लागला. इंदुमतीबाईंना त्याचा मोठा अभिमान होता.

पण चाळणीतून आणखीही एक गोष्ट गळून गेली होती. परब देवगडकडचा, मासेमाऱ्यांच्या घरातला. भर समुद्रात वाईटाचं नाव घ्यायचं नाही, ही त्याच्या घरची शिस्त. घेतलं की ते ओढवतं, असं ते मानत. परबनं ती शिस्त क्रेनवरही पाळली. सगळं ठीक असलं की तो शिव्या देई. संकट दिसलं की त्याचा आवाज खाली येई आणि तो अदबीनं बोलू लागे. जुन्या लोकांना हे माहीत होतं. परब सभ्य झाला की सगळे हातातलं टाकून पळत.

एका सोमवारी भरलेलं लेडल मध्यावर असताना क्रेनचा ब्रेक सुटू लागला. परबला ते हातालाच कळलं. तो हळू म्हणाला, "बाय, आपण सगळ्यांनी जरा बाजूक व्हायात."

कानांत आलं, "परब. बाई, सगळ्यांनी कृपया थोडं बाजूला व्हावं."

सकाळपासून असलं किती वेळा ऐकलं होतं. लोक सावकाश हलले. मडावी तापमापकाची सळई आवरत मागे राहिला. लेडल वीतभर खाली घसरलं आणि हिसका बसून थांबलं. काठावरून लोखंड उसळलं. फरशीवर जरा ओल होती. तिथे पडताच ते फटाक्यासारखं उडालं. एक शिंतोडा मडावीच्या बुटात गेला.

पाय वाचला, पण त्याला महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं.

"मी 'आपण' म्हटलंय गो तुका!" परब कँटीनमध्ये इंदुमतीबाईंवर ओरडला. डोळे भरून आले होते. "जन्मात कधी म्हटलंय? मी भियालंय, ता एकाकव कळूक नाय?"

समस्वर बनवणाऱ्या कंपनीचा तज्ज्ञ आला. त्यानं नोंदी तपासल्या आणि सांगितलं, "भीती ओळखायची सोय यात आहेच. लाखो आवाजांवरून ती बसवली आहे. घाबरलेला माणूस आवाज चढवतो. परबांनी तर उतरवला."

"म्हणजे त्यानं लाखो लोकांसारखं घाबरायला पाहिजे होतं?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

समस्वर फेकून द्या, असं सगळे म्हणू लागले. मडावी कामावर परतला त्या दिवशी इंदुमतीबाईंनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं. तिथे कानटोप नव्हते. मडावी लंगडत आला आणि आधी तोच बोलला.

"समस्वर काढू नका, बाई."

"अरे, तुझाच पाय भाजला ना?"

"भाजलं तं लोकं मलम आनून देतेत. हसलं तं कोन लावते मलम?"

रणजितनं मान खाली घातली.

इंदुमतीबाईंना वाटलं, परब आणि मडावी, दोघांचंही खरं आहे. समस्वर ठेवला तर उद्या कुणाचा जीव जाईल. काढला तर हा माणूस जाईल, आणि या वेळी परत येणार नाही. त्यांनी पाण्याचा पेला संपवला.

"उद्यापासून ओतकामाला समस्वर बंद. कानटोपात ज्याचा त्याचा आवाज येईल," त्या म्हणाल्या. "आणि आज इथून उठायच्या आधी प्रत्येकानं सांगायचं, भ्यालं की आपण कसं बोलतो. रणजित, तू कर सुरुवात."

"म्या? म्या आईला हाक मारतो बगा."

"आनि ती येता काय?" परबनं विचारलं. हशा झाला.

साचे बनवणारी शबाना मुल्ला म्हणाली, "मी गप्प होते. माझा आवाज बंद झाला की पळा."

"तू गप्प? मग आम्हाला रिटायर होईपर्यंत पळायला नको," मागून कुणीतरी म्हणालं.

मडावीची पाळी आली. "मी भ्यालो तं मराठी सुटते. गोंडीच येते तोंडात." मग त्यानं बाईंकडे पाहिलं. "आनि कोनी हसलं तं?"

"तर ओतणं थांबेल," इंदुमतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भरलेलं लेडल साच्यावर आलं. मडावीनं सळई बुडवली आणि आकडा सांगितला. वर्षभरानंतर सगळ्यांच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज गेला, त्याच्या हेलासकट. "ताप बरोबर हाये. वता."

कानटोपात कुणीतरी फिसकन हसलं.

इंदुमतीबाईंनी हात वर केला. लेडल जागच्या जागी थांबलं. काचेमागे मॅनेजर खुर्चीतून उठला. थांबलेलं लोखंड क्षणाक्षणाला निवतं. फार निवलं तर साचा अर्धवट भरतो आणि सगळा माल भंगारात जातो. परब वरून शिव्या घालत होता, म्हणजे क्रेन ठीक होती. खाली कुणी हलत नव्हतं. लोखंडाचा पांढरट पिवळा रंग नारिंगीकडे झुकू लागला.

"म्याच हसलो, बाई," रणजित म्हणाला. "सवयीनं."

"मला नको सांगू."

रणजित मडावीकडे वळला. घाम डोळ्यांत जात होता, तो त्यानं पुसला नाही. "चुकलो, भरतराव. परत एकदा बघता का ताप?"

मडावीनं लंगडत पुढे होऊन सळई पुन्हा बुडवली आणि आकड्याकडे पाहिलं. मग तो रणजितकडे वळला. त्याचा आवाज भट्टीच्या घरघरीवरून चढला, सगळ्यांच्या कानटोपांत स्पष्ट घुमला.

"अजून जमते. वतता, का हसाचं बाकी हाये?"