मटकीचा पाचवा कागद

१९८६च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पार्ल्याच्या कॉलेजात रोज जात होते. कारण साधं होतं: प्रेमाच्या प्रकल्पाला एक स्वच्छ कागद हवा होता. मी जेवढं मोजलं तेवढंच सांगेन. जे मोजता आलं नाही त्याविषयी मी आजही मत बनवलेलं नाही.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. जोगेश्वरीहून येणारी प्रेमा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधन देण्याचं आमच्या विभागाचं ते पहिलंच वर्ष, आणि ती संधी तिला मिळाली होती. मटकीला मोड येताना तिच्यातली अमिनो आम्लं कशी बदलतात, हा विषय. अर्काचे थेंब जाड गाळणकागदाच्या तळाशी लावायचे, कागद काचेच्या उंच टाकीत दांडीवरून सोडायचा, झाकणाच्या कडेला व्हॅसलिन लावून टाकी बंद करायची. तळाचं द्रावण रात्रभर कागदातून वर चढतं आणि प्रत्येक आम्लाला वेगळ्या उंचीवर नेऊन ठेवतं. सकाळी कागद वाळवून त्यावर निनहायड्रिन फवारायचं, ओव्हनमध्ये तापवायचं, की जांभळे ठिपके उमटतात.

पथ्य एकच. कागदाला बोट लावायचं नाही. घामातही अमिनो आम्लं असतात. बोटही जांभळंच उमटतं.

पहिल्या कागदावर ठिपक्यांच्या मधे चार बोटं उमटली. दुसऱ्यावरही.

“हात लावलास,” आमचे विभागप्रमुख आजगावकर सर म्हणाले.

“नाही सर. चिमटा वापरला.”

“मग कागदाने स्वतःला कुरवाळलं असेल.” सरांनी चष्मा पुसला. “प्रत्येकाला जमत नाही हे. गुरुवारी स्वच्छ कागद दाखव, नाहीतर प्रकल्प बंद.”

जिन्यात प्रेमा दोन्ही हात ओढणीखाली घेऊन उभी राहिली. “सरांनी माझ्या डोक्याला नावं ठेवली असती तर चाललं असतं, ताई. हातांनाच ठेवली.”

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

सोमवारी संध्याकाळी तिसरा कागद मी स्वतः लावला. प्रेमा स्टुलावर मांडीत हात ठेवून बसली होती. “श्वास घेऊ ना? की त्यालाही अर्ज लागेल?”

“घे. पण खिडकीकडे तोंड करून.”

मंगळवारी सकाळी ओव्हनचं दार उघडलं. व्हिनेगरसारखा आंबूस वास, त्यात कुठूनतरी बिस्किटं भाजल्याचा गोड वास मिसळलेला. चार बोटं.

आम्ही दोघींनी आपापली बोटं वेगळ्या कागदावर दाबून तापवून पाहिली. प्रेमाची बारीक, माझी आखूड. टाकीतली या दोन्हींपेक्षा लांब होती. अंगठा कुठल्याच कागदावर नव्हता. टोकं वरच्या दिशेला होती, कठडा धरावा तशी. मी पट्टी घेतली. तळापासून बोटांच्या टोकांची उंची: पहिल्या कागदावर दहा सेंटिमीटर, दुसऱ्यावर अठरा, तिसऱ्यावर सव्वीस.

विभागातली दुसरी टाकी तडकलेली होती, म्हणून हीच वापरावी लागत होती. भांडी धुणारे गुणाजीमामा नळाशी उभे होते. त्यांना विचारलं, ही टाकी आली कुठून.

“ठाऊक नाय. मी ती भायरसून धुतंय, बाय. आत हात घालूचो नाय.”

“का?”

“कोणी सांगल्यान नाय माकां.” त्यांनी नळ बंद केला. “पण आधीचो माणूसय भायरसूनच धुवायचो...”

त्या संध्याकाळी मी टाकीत कोरा कागद सोडला. अर्काचा थेंब नाही, पेन्सिलीची रेघ नाही. प्रेमा वैतागली. “ताई, उद्या बुधवार. रिकाम्या कागदावर एक रात्र घालवायची?”

“तुलना हवी,” मी म्हणाले. तेव्हा मला खरोखरच तेवढंच हवं होतं.

बुधवारी कोऱ्या कागदावर चार बोटं होती. चौतीस सेंटिमीटरवर.

प्रेमा अर्क गाळत होती. मी वहीत चार आकडे एकाखाली एक लिहिले. दर खेपेला आठची वाढ. पुढचा आकडा बेचाळीस. कागद चाळीस सेंटिमीटरचा होता. त्याच्या वर फक्त झाकण; पुढची पकड कागदावर नव्हे, झाकणावर.

म्हणजे पाचवा कागद स्वच्छ निघणार होता.

मी फार दमले होते. पाच दिवस तोच वास, तेच प्रश्न. टाकी रिकामी ठेवावी, सरांना आकडे दाखवावेत, असा विचार आला. सर हसले असते, आणि प्रकल्प बंद झाला असता. मी पाचवा कागद दांडीवरून सोडला. झाकणाला व्हॅसलिन नेहमीपेक्षा जाड लावलं. त्याचा उपयोग होईल असं मात्र मला वाटलं नाही.

सुट्टीत गुणाजीमामा व्हरांड्यात झोपत. “मामा, आज घरी झोपा.”

“का गो?”

“असंच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वळकटी उचलली. मी प्रयोगशाळेला कुलूप लावून किल्ली फाटकावर दिली.

गुरुवारी मी उशिरा पोचले. प्रेमाने किल्ली घेऊन फवारणी, ओव्हन, सगळं उरकलं होतं. सात जांभळे ठिपके. बाकी कागद पांढरा.

“झकास ना, ताई? एक बोट नाही.”

“नाही,” मी म्हणाले.

सरांनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आणि सही केली. “जमतंय की,” एवढंच म्हणाले. परत येताना प्रेमाने ओढणी खांद्यावर टाकली होती, दोन्ही हात मोकळे होते. मला ते पाहून बरं वाटलं, हेही इथे नोंदवायला हवं.

“बरं, झाकण तुम्ही पहाटे येऊन काढलंत ना?” ती म्हणाली. “मी आले तर टाकी उघडी. मी घाबरलेच. पण मग पाहिलं, झाकण बाकावर नीट ठेवलेलं. उलटं, व्हॅसलिनची बाजू वर. म्हटलं, ताईच असणार. दुसरं कोण इतक्या शिस्तीत ठेवणार?”

मी प्रयोगशाळेच्या दाराशी थांबले. आत पडदे ओढलेले होते, आणि मागच्या बाकाशी एक स्टूल बाहेर सरकवलेलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “मीच.”