वजन तेच, मग साखर का वाढली?

रेवतीआत्याचं वजन खेळायच्या दिवसांत होतं तेवढंच आजही होतं. मिठाईला ती हात लावत नसे. तरीही तिच्या रक्तातली साखर वाढली होती. हे कसं काय, ते मिरजेतल्या त्या घरात कुणालाच कळेना.

आत्या पूर्वी कबड्डीची नावाजलेली खेळाडू होती. आता ती शाळेतल्या मुलींना शिकवायची. काही वर्षांपूर्वी तिला आमवात (शरीराची संरक्षक फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते तो आजार) जडला. बोटं, मनगटं, गुडघे सुजायचे. गोळ्या सुरू झाल्यावर दुखणं आटोक्यात आलं आणि नेमकी तेव्हाच ही साखर वाढली.

"वजन वाढलं नाही, गोड खात नाही. मग राहिलं काय? त्या गोळ्याच!" आत्यानं निकाल देऊन टाकला.

एका सकाळी तिची भाची ईरा स्वयंपाकघरात आली, तर आत्या नळाशी झगडत होती. बोटं फुगली होती, नळ फिरत नव्हता. कचऱ्याच्या डब्यात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं पडली होती.

"आत्या, तू गोळ्या बंद केल्यास?"

"हळू बोल. तुझ्या बाबांना कळता कामा नये."

ईरानं बाबांना काही सांगितलं नाही. शाळेतून आल्यावर मात्र तिनं आत्यावर उपचार करणाऱ्या डॉ. नझमा मुल्लांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आत्या तिच्याकडे बघेना. "चुगली केलीस ना?"

"हो, केली," ईरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुला नळ सोडता येत नव्हता, आत्या."



डॉक्टरांनी आत्याला एका उंच काचेसमोर उभं केलं. हा नव्यानं आलेला देह-आरसा होता. त्यात शरीराच्या आतलं दिसायचं. स्नायू लाल, चरबी पिवळी. शेजारी डॉक्टरांनी आजार सुरू झाला तेव्हाच्या जुन्या स्कॅनचं चित्र त्याच रंगांत लावलं. तेव्हाच्या मांड्या लालभडक होत्या. आताच्या मांड्यांत लाल रंग आक्रसला होता आणि पोटाभोवती पिवळा पसरला होता.

"पण वजन तर तेवढंच आहे!" ईरा म्हणाली.

"काटा फक्त एकूण वजन सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्याला कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सांध्यांत दाह (सूज, उष्णता आणि वेदना आणणारी शरीराची प्रतिक्रिया) पेटला की तिथली संदेशवाहक प्रथिनं रक्तातून सगळीकडे फिरतात. ती स्नायूंना झिजवतात. दुखतं म्हणून माणूस हलत नाही, मग स्नायू आणखी झिजतात."

"पण साखरेचा आणि स्नायूंचा काय संबंध?" ईरानं विचारलं.

"जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. इन्सुलिन (पेशींना साखर आत घ्यायला सांगणारं संप्रेरक) त्यांना तसा निरोप देतं. दाहामुळे तो निरोप नीट ऐकू जात नाही, आणि ऐकणारे स्नायूही कमी झालेले. मग साखर रक्तातच राहते. पोटाची चरबी वाढली की ती दाहात आणखी भर घालते."

ईरा विचार करत राहिली. "म्हणजे आजार फक्त सांध्यांचा नाही. सगळ्या चयापचयाचा (अन्नातून ऊर्जा मिळवणं, वापरणं, साठवणं) घोळ होतो."

"बरोबर. हृदयालाही त्याचा धोका असतो."

आत्यानं डॉक्टरांकडे वळून विचारलं, "म्हणजे गोळ्यांचा काहीच दोष नाही?"

"एका गोळीचा आहे, थोडासा. ती साखर वाढवते. मी ती हळूहळू कमी करणारच होते. पण बाकीच्या गोळ्या दाह विझवतात. तुम्ही सगळ्याच बंद केल्यात. असं पुन्हा करू नका. शंका आली तर मला विचारा."

आत्यानं मान खाली घातली. "खेळाडूच्या मांड्या होत्या हो माझ्या."

"पुन्हा भरतील. पूर्वीसारख्या होतील असं मी म्हणणार नाही. पण स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनचा निरोप नसतानाही साखर ओढून घेतो. म्हणून सूज उतरली की व्यायाम, आणि जेवणात डाळी, अंडी, दही."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज ओसरायला वेळ लागला. मग व्यायाम आला. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, एवढंच. पहिल्या दिवशी आत्या अर्ध्यातून धपकन खाली बसली आणि चिडून म्हणाली, "कबड्डीत राज्य गाजवलं मी, आणि आता खुर्ची हरवते मला!"

ईरा हसली नाही. ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि रोज तिच्याबरोबर उठू लागली.

पावसाळा सरेपर्यंत साखर उतरली होती. पूर्ण नाही, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. बोटं थोडी वाकडीच राहिली. अशा सांध्यांसाठी नवी औषधं शोधली जात आहेत, असं डॉक्टर म्हणाल्या.

एका संध्याकाळी आत्या खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. हात दोन्ही कमरेवर. तिला दमही लागला नव्हता.

"ईरा, मुलींना निरोप दे. उद्यापासून मी मैदानावर आहे. उशिरा येईल तिला फेऱ्या मारायला लावीन."

"मलासुद्धा?"

"तुला आधी. चुगली करायला धाडस लागतं. असलं धाडस मला संघात हवंय."