तिसऱ्या हुकाची तपासणी

मंगळवार, १४ जानेवारी २०२०. दिवसभर पाणी मिसळलेला बर्फ पडत होता. रात्री नऊनंतर थांबला.

"त्या रात्रीची तारीख इथे काम करणाऱ्या तोगाशीनेच सांगितली मला," जुने कामगार हागिवारासान म्हणाले. कारखान्याच्या विश्रांतीच्या खोलीत रॉकेलच्या स्टोव्हवर किटली तापत होती. रात्रपाळीची नवी माणसं नूडल्सचे कप धरून बसली होती.

"तुमच्या गोष्टीत भूतसुद्धा ओव्हरटाइम करतं का हो?" त्यांच्यातल्या कात्सुराने विचारलं.

"करतं. खा आणि ऐक."

इथे भिंती आडव्या जन्मतात. लोखंडी साचा, त्यात सळ्यांची जाळी, उचलायला चार हुक. काँक्रीट ओतण्याआधी एकाने बोट दाखवून मोठ्याने पुकारायचं, दुसऱ्याने स्वतः वाकून पाहायचं आणि मगच 'ठीक' म्हणायचं. शेवटी कागदावर दोघांचे आपापल्या नावाचे शिक्के.

त्या रात्री तोगाशीचा जोडीदार तापाने पडला होता. साहेबांचा फोन आला, "पहाटे पाचला काँक्रीट येतंय. एकटाच आटप रे. दुसऱ्या शिक्क्याच्या चौकटीचं सकाळी बघू."

अकरा दिवस सुट्टी नव्हती. तोगाशी "बरं" म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका थकलेल्या रात्री त्याच्या तेव्हाच्या जोडीदाराने, कुसाकाने, पुकारलं होतं आणि तोगाशीने न वाकताच 'ठीक' म्हटलं होतं. भिंत उचलताना तिसरा हुक उपटला. खाली कुसाका होता. त्याचा शिक्का बायकोने शवपेटीत ठेवला, त्याच्याबरोबरच जळला. न वाकल्याचं तोगाशी कुणाला बोलला नव्हता.

अकरा चाळीस. सवयीने त्याने बोट दाखवलं.

"हुक एक!"

"ठीक."

पलीकडच्या साच्यामागून आवाज आला. पहारेकरी असेल.

"हुक दोन!"

"ठीक."

आता जवळून. त्याने वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"हुक तीन..."

...

उत्तर नाही. थंडीत त्याच्या तोंडाची वाफ दिसत होती. शेजारी आणखी एक वाफ.

तो वाकला. गुडघे कुरकुरले. बॅटरी मारली. हुकाखालची, त्याला धरून ठेवणारी आडवी सळी घातलेलीच नव्हती.

त्याने सळी आणली. तारेने बांधली.

"हुक तीन."

"...ठीक."

"हुक चार."

"ठीक."

किटली उकळायला लागली. कात्सुराचा कप हातातच होता.

"मग?"

"गुरुवारी सकाळी साडेतीन टनांची भिंत क्रेनने उचलली. चारही हुक टिकले. तपासणीच्या कागदावर दोन शिक्के होते. एक तोगाशीचा. दुसरा कुसाकाचा."