पाला खाणारीच्या मागावर

ऊन उतरायच्या आत एक जिवंत जनावर शोधायचं होतं! आणि जनावर असं, की सोलापूर जिल्ह्याच्या मातीला आजवर त्याचा पाय लागला नव्हता.

पहाटे टेंभुर्णीजवळ हायवेवर एक टेम्पो उलटला. ड्रायव्हर पळाला. मागे दोन पिंजरे उरले. एक फुटून रिकामा झालेला. दुसऱ्यात कांगारूच्या कुळातलं, पण शेळीएवढंच एक तपकिरी जनावर धापा टाकत पडलेलं. चोरट्या व्यापारातून आलेली वॉलबी! वन खात्याने सोलापुरातून वैजयंतीला तातडीने बोलावून घेतलं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. परदेशात राहून तिने वॉलबींच्या कवट्यांवर डॉक्टरेट केली होती. शेकडो कवट्या तिच्या हातांखालून गेल्या होत्या. जिवंत वॉलबी मात्र आज पहिल्यांदाच मांडीवर आली, आणि बघता बघता मांडीवरच गेली.

डोळे पुसून वैजयंतीने तिचा जबडा उघडला. बोट दाढांवरून फिरवलं. तोंड आखूड. दाढांची रांग सपाट, आणि पुढे पात्यासारखी लांबट, धारदार दाढ. गवतावर जगणाऱ्या कांगारूंचं असं नसतं. त्यांचं तोंड लांबुळकं, दाढांची रांग कमानीसारखी वाकलेली. चिवट गवत दळून दळून पुढच्या दाढा झिजून पडतात आणि मागच्या पुढे सरकतात.

"साहेब, तुमची माणसं कुठं पाठवलीत?" तिने अधिकाऱ्यांना विचारलं.

"माळावर. कांगारू म्हटल्यावर गवताळ माळच की!"

"ही गवताची नाही. कोंब, पाला, पडलेली फळं कातरून खाणारी आहे. दुसरीही हिच्याच जातीची असणार. ती उघड्यावर थांबणार नाही, झाडीत घुसेल."

अधिकारी घुटमळले. अख्खी मोहीम एका दाढेच्या भरवशावर वळवायला ते तयार होईनात. शेवटी त्यांनी तिला एक जीप दिली आणि एक वनरक्षक, उदयसिंह.

उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटतं, तेव्हा काठाला मैलोगणती गाळ उघडा पडतो आणि त्याच्या कडेने वेड्या बाभळीचं रान माजलेलं असतं. त्या रानात दोघं शिरली. काटे सदऱ्यात अडकत होते, ओढणी फाटत होती. वर ऊन भाजत होतं आणि खाली बाभळीची वाळकी शेंग पायाखाली कडकड मोडत होती. वैजयंतीला एका जागी उभं राहवत नव्हतं. इकडे वाक, तिकडे बघ, पुन्हा मागे फीर!

"मॅडम, जरा सावलीला टेका की," उदयसिंह म्हणाला. "पाणी तर प्या."

"ती पाणी प्यायली असेल का, उदयसिंह?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पालटला.

"माळावर कुणीतरी उड्या मारत जाणारं जनावर बघितलंय म्हणं. सगळी तिकडंच निघाल्यात. आपुन काय करायचं?"

आपण चुकलो तर? ते जनावर तिकडे उन्हात तडफडत पडेल, आणि आपण इथे काटे मोडत बसू! पाय जीपकडे वळलेही. आणि त्याच क्षणी तिची नजर एका बोरीवर थांबली.

कमरेच्या उंचीवरचे कोवळे शेंडे कापलेले होते. कात्रीने कापावेत तसे!

"शेळ्या फिरत्यात हितं," उदयसिंह म्हणाला.

"शेळीला वरचे पुढचे दात कुठे असतात? ती पाला ओढून तोडते. हे बघा, किती साफ कापलंय. सशाचं म्हणावं तर ससा एवढ्या उंच पोचत नाही." तिचा आवाज चढला. "इथेच आहे ती! इथेच!"

खुणेमागून खूण काढत ती रानाच्या कडेला आली, तर समोरून एक बाई हातवारे करत धावत येत होती. कमरेला पदर खोचलेला, हातात मासे धरायचं जाळं.

"अवो, खात्यातली माणसं का तुमी? लवकर चला! कसलं तरी जनावर गाळात शिरलंय आन् कुत्र्यांनी काठ धरलाय!"

ती वच्छला. पाणी हटत जाईल तसं झोपडं पुढे नेणारी, मासेमारीवर जगणारी बाई. तिघं धावत सुटली.

काठावर मोकाट कुत्री भुंकत होती. त्यांच्या पुढे, चकाकत्या काळ्या गाळात, पोटापर्यंत रुतलेली वॉलबी! पुढचे इवलेसे पंजे हवेत धरलेले, कान मागे पडलेले. उदयसिंह काठी परजत कुत्र्यांवर धावला. पश्चिमेला आभाळ काळवंडलं होतं. वावटळ धुळीचा लोट घेऊन येत होती.

वैजयंतीने मागचा पुढचा विचार केला नाही. ती गाळात उतरली.

"बाई, थांबा! वरची खपली फसवी हाय!" वच्छला ओरडली.

उशीर झाला होता. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला जमीनच नव्हती! वैजयंती मांड्यांपर्यंत खचली. पाय उपसायला गेली तशी कमरेपर्यंत गेली. गाळाने तिला घट्ट आवळलं. वॉलबी हातभर पुढे होती आणि तिचे काळे डोळे भीतीने विस्फारले होते.

"हलू नगा! मागं रेला! पाठीवर!"

वच्छलाने काठाला ठेवलेला आपला थर्माकोलचा तराफा गाळावर लोटला. जुन्या जाळ्याने आवळून बांधलेले थर्माकोलचे ठोकळे, एवढाच काय तो तराफा. त्यावर पालथी पडून, हातांनी गाळ सारत ती सरपटत आली.

"धरा कड. आदी तुमी."

"आधी ती, वच्छलाताई! तिचा दम संपत आलाय!"

"आन् तुमी बुडाल्यावर तिला धरणार कोण? मला काय ठाव तिला कसं धरायचं? धरा म्हणते ना!"

वैजयंतीने कड धरली. वारा अंगावर कोसळला. धुळीने डोळे भरले. वच्छलाने तिच्या काखेत हात घालून हिसका दिला. आणखी एक! गाळाने चप्पक आवाज करत पाय सोडले आणि वैजयंती तराफ्यावर आडवी पडली.

मग वच्छलाने जाळं फेकलं. वॉलबी तडफडली. वैजयंतीने ओढणीची उरली सुरली चिंधी तिच्या डोळ्यांवर टाकली, शेपटीच्या बुडाशी दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. काठावरून उदयसिंहने दोर फेकला. पावसाचे टपोरे थेंब गाळावर फुटू लागले. इंच इंच करत तराफा काठाला लागला!

उदयसिंहने गोणपाट उघडलं. वॉलबी अंधारात शिरली आणि अंग चोरून गप्प बसली. पोत्यातून तिच्या काळजाची धडधड हाताला लागत होती.

"मॅडम, तोंड उघडून दात बघा की," तो उत्साहाने म्हणाला. "मी फोटो काढतो. मंग साहेबांना दाखवू!"

वैजयंतीची बोटं पोत्याच्या तोंडाशी गेली. सकाळपासून हेच तर हवं होतं. एकदा ती दाढ दिसली की कुणी शब्द काढणार नव्हतं. पण धडधड थांबत नव्हती. नुसत्या भीतीनेही ही जनावरं मरतात. सकाळी मांडीवर गेलेली तिला आठवली.

"नको," ती म्हणाली आणि पोत्याची गाठ आवळली. "आज हिला कुणी हात लावायचा नाही."

वन खात्याच्या आवारातल्या खोलीत सगळ्या खिडक्यांवर पोती टांगली. आत पाणी ठेवलं. कुणीतरी प्रेमाने हिरव्या हरळीच्या गवताचा भारा टाकला; वैजयंतीने शेजारी बोरीच्या कोवळ्या डहाळ्या ठेवल्या. पोत्याची गाठ सोडून ती बाहेर आली आणि दाराला पाठ लावून बसली. अंगावरचा गाळ वाळून तडकत होता. शेजारी उदयसिंह आणि वच्छला चहाचे कप धरून श्वास रोखून बसले होते.

बराच वेळ काही नाही. वैजयंतीचा गुडघा सारखा हलत होता.

मग आतून एक डहाळी कटकन तुटली. आणखी एक. पाठोपाठ पाला चावल्याचा बारीक, सावकाश आवाज येऊ लागला.

"खातीया!" वच्छला कुजबुजली. "गवत का पाला वो, बाई?"

"पाला," वैजयंती हलकेच म्हणाली. आणि गार झालेला चहा तिने एका घोटात पिऊन टाकला.