चावी कुणाकडे होती?

“खरं सांग बुरुल, त्या दिवशी कपाटाची चावी कुणाकडे होती?”

सासूबाईंचा, आसिलकान आपांचा, हा प्रश्न आला आणि बुरुलने हातातली चहाची वाटी मध्ये अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवली. समोर एलामान मान खाली घालून पावाचा तुकडा कुस्करत बसला होता. त्याच्याशेजारी मीरिम, तिच्या वाटीतल्या चहावर केव्हाच साय धरली होती.

“माझ्याकडेच होती, आपा. नेहमी असते तशी.”

“मग काय, प्रश्नपत्रिकेला पाय फुटले?”

“जाऊ द्या, आपा,” एलामान तुटकपणे म्हणाला. “वहिनींना कशाला त्रास देता? चावी त्यांची, कपाट त्यांचं. सगळं त्यांनाच ठाऊक.”

वहिनी! ज्या लेकराला तिने आपल्या उदरात वाढवले, त्याच्या तोंडून हा शब्द ऐकण्याची तिला आता सवय व्हायला हवी होती. पण काही घाव सवयीने बोथट होत नाहीत. घरातले पहिले मूल आजीच्या मांडीवर द्यायचे, ते आजीचे म्हणून वाढायचे, आणि जन्मदात्रीने त्याची मोठी वहिनी होऊन राहायचे, ही नारिन भागातल्या कितीतरी घरांची रीत होती. त्यात कुणी कुणाचे काही हिरावून घेतले असे कुणी मानत नसे. बुरुलनेही मानले नव्हते... निदान तोंडाने तरी! पुढच्याच वर्षी मीरिम झाली, आणि साचून राहिलेली सारी माया तिने त्या मुलीवर ओतली. एलामानला सारे ठाऊक होते. घरात सर्वांनाच ठाऊक होते. बोलत मात्र कुणीच नव्हते.

तंत्रविद्यापीठाच्या ज्या प्रयोगशाळेत बुरुल साहाय्यक होती, तिथल्या कपाटात प्रश्नपत्रिका कुलूपबंद असत. दोन्ही मुले त्याच विभागात, एकाच वर्गात शिकत होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिकेचे छायाचित्र एलामानच्या फोनवर सापडले; ते नौरोझच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, दिवशी काढलेले होते. ते कुणी पाठवले, हे त्याने पुसून टाकले होते आणि विचारूनही सांगितले नव्हते. आज शिस्तपालन समितीपुढे निकाल होता. ताकीद, कडक ताकीद, नाहीतर निष्कासन. आणि निष्कासन म्हणजे शेवटच्या वर्षात नाव कापले जाणार, शरद ऋतूत थेट सैन्याची सक्तीची भरती!

विद्यापीठाच्या वाटेवर मीरिम पुढे निघून गेली. नदीवरच्या पुलावर बुरुलला राहवले नाही.

“एलामान, नौरोझच्या सकाळी तू प्रयोगशाळेत आला होतास. मी पाणी आणायला गेले होते... परत आले तर तू माझ्या कोटापाशी उभा.”

“शेगडीपाशी उभा होतो. कोट तिथंच टांगलेला होता.”

“चावी कोटाच्या खिशात होती.”

तो थांबला. त्याच्या ओठांवर कडवट हसू आले. “वा, वहिनी! आधी स्वतः करायचं, मग माझ्या अंगावर ढकलायचं. लाडक्या लेकीसाठी अजून काय काय कराल?”

या बोलण्याचा अर्थ तिला उमगला नाही. तिने तो चोराचा कांगावा मानला. हो, तिला तो चोर वाटत होता! आणि त्याच क्षणी, त्याच्या पाठमोऱ्या वाकलेल्या खांद्यांकडे पाहताना, तिचा निश्चयही झाला होता.

समितीच्या खोलीत सारा वर्ग मागच्या बाकांवर बसवलेला होता. अध्यक्ष विभागप्रमुख अकमातोविच; वयोवृद्ध, मोजके बोलणारे, सर्वांचे ‘आगाय’, म्हणजे गुरुजी. त्यांनी एलामानला उभे केले, पण त्याच्याआधी बुरुलच उठली.

“आगाय, त्याचा काही दोष नाही. कपाट मी उघडलं. प्रश्नपत्रिका मीच त्याला दिली.”

खोलीत कुजबुज पसरली. एलामान पांढराफटक पडला.

“खोटं!” तो ओरडला. “मी चावी काढली त्यांच्या कोटातून. कपाटातून मीच घेतली! त्यांची नोकरी... त्यांना काही करू नका, आगाय!”

“गप्प बस, एलामान!”

“तुम्ही गप्प बसा, वहिनी!”

अकमातोविचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“दोघंही बसा. प्रश्नपत्रिका कपाटात नव्हतीच! एक प्रश्न दुरुस्त करायचा होता, म्हणून नौरोझच्या सकाळी मी पाकीट माझ्या खोलीत नेलं होतं. हे मुद्दामच कुणाला सांगितलं नाही. खऱ्या चोराला ठाऊक असणार, बाकीच्यांना नाही.”

बुरुलला आठवले. त्याच खोलीत त्या दिवशी विभागाची मेजवानी झाली होती. शिक्षक येत होते, जात होते. आणि चहाच्या समोवारजवळ बसून दिवसभर वाट्या भरत होती ती...

मागच्या बाकावरून हुंदका ऐकू आला. मीरिम उठली होती.

“चहा ओतणाऱ्या मुलीकडे कोण बघतं, आगाय? पाकीट खिडकीत होतं... मी नापास होईन, अशी भीती वाटत होती. दादालाही मीच पाठवलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही.”

निकाल ऐकायला फार वेळ लागला नाही. मीरिमचे निष्कासन, वर्षानंतर पुन्हा अर्ज करण्याची मुभा. चोरी लपवल्याबद्दल एलामानला कडक ताकीद. खोट्या जबानीबद्दल बुरुलकडची चावी काढून घेतली गेली.

बाहेर पायऱ्यांवर मीरिम आईच्या गळ्यात पडून रडली. मग तिने डोळे पुसले. “आपांना मीच सांगते. तू मध्ये येऊ नकोस, आई.” आणि ती एकटीच घराकडे निघाली.

मागे दोघे उरले. एलामान दुसऱ्याच पायरीवर बसला होता.

“मला वाटलं, तुम्हीच तिला काढून दिली,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

“आणि मला वाटलं, तू चोरलीस.”

“चोर समजत होतात मला... तरी उभ्या राहिलात?”

“तूही राहिलासच की! मीरिमवर संशय घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, कारण तिला मी वाढवलं. तुझ्यावर लगेच आला... तू माझ्या डोळ्यांसमोर वाढलास रे, माझ्या हाताखाली नाही! तू कसा आहेस, हेच मला माहीत नाही...”

तो सरकून तिच्या पायरीवर येऊन बसला.

“मग विचार की.”

“काय विचारू?”

“वाटेल ते.”

किती प्रश्न तिने मनात दाबून ठेवले होते! त्यातला पहिला कोणता काढावा, हेच तिला कळेना.

“लहानपणी... तुला कशाची भीती वाटायची?”

“वाऱ्याची,” तो म्हणाला. “छपराचा पत्रा वाजायचा. आपा गाढ झोपलेल्या असायच्या. मग मी तुझ्या खोकल्याची वाट बघत पडून राहायचो. पलीकडच्या खोलीत तू खोकलीस, की वाटायचं, चला, कुणीतरी जागं आहे... मग झोप लागायची.”

बुरुलने दोन्ही हातांनी तोंड झाकले. आपांचे मन दुखवून ती त्या खोलीचे दार कधी उघडू शकली नव्हती; भिंतीपलीकडे तो जागा असल्याची चाहूल मात्र तिला लागत असे.

“मला कधी खोकला नव्हताच रे,” ती म्हणाली.