बांधावरचा तिसरा भाला

८ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. दिवसभर ऊन. वारा अजिबात नाही. ओहोटीचा तळ संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. त्या दिवशी मी वहीत एवढंच लिहिलं होतं. बाकीचं दुसऱ्या दिवशी लिहिलं.

दार लोटून घे, इओना, आणि तुम्ही दोघं पोरं इकडे शेगडीजवळ या. उद्या तुम्ही पहिल्यांदा खाडीत उतरणार. मघाशी तू विचारलंस, की आम्ही बांधावर भाले रोवतो, तर मग भाले न मोजता माणसं का मोजतो? तुझ्या बापाला विचारलं असतंस तर रॅबने विषय बदलला असता. त्या रात्री तो माझ्या शेजारी उभा होता.

दुसऱ्या दिवशी गावच्या हॉलमध्ये साठ माणसांचं जेवण होतं. ओटच्या पिठात घोळवून तळलेले लेप, म्हणजे आपले चपटे मासे. तेवढे मासे आणायला त्या शुक्रवारी तिघं गाळात उतरले. तुझा बाप रॅब, तुझा काका कॉलिन आणि डूगल गॉर्ली. माझा गुडघा गेल्यापासून मी बांधावर असतो. बांधावरच्या माणसाचं काम म्हणजे बादली. अंधार पडला किंवा धुकं आलं की त्याने पत्र्याची बादली वाजवायची. आपल्या या सॉल्वे खाडीच्या गाळात धुकं उतरलं की जमीन कुठली आणि समुद्र कुठला हे कळत नाही. त्या आवाजाकडे चालत यायचं. वर आलं की ज्याने त्याने आपला भाला हिरवळीत रोवायचा. जितके उतरले तितके भाले झाले की बादली थांबवायची. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आदल्या वर्षापर्यंत असंच चाललं होतं. त्यात कुणाला खोट दिसली नव्हती.

आता एक वर्ष मागे जातो. १७ सप्टेंबर २०१६, शनिवार. तेव्हा गाळात चौघं होते. चौथा वुल मॅक्क्लिमंट.

वुलसारखे पाय या किनाऱ्यावर कुणाचेच नव्हते. अनवाणी पाय घासत चालायचं, पायाखाली चपटा लेप थरथरला की त्याच्यावर उभं राहायचं, आणि भाला अंगठ्याच्या पुढे चार बोटं खुपसायचा. उद्या हे तुम्हाला तीनतीनदा सांगतीलच. वुलनं चौदाव्या वर्षी घाई केली आणि डाव्या पायाची करंगळी गमावली. आयुष्यात तेवढी एकच चूक. ऑगस्टच्या लेप पकडायच्या स्पर्धेत सगळ्यात जड मासा सलग पाच वर्षं वुलचा. डूगल सलग पाच वर्षं दुसरा.

"तुझे पाय लाकडाचे आहेत रे डूगल," वुल भर पबमध्ये म्हणायचा. "लेप तुझ्या पायाखाली डुलकी काढतो आणि ताजातवाना होऊन निघून जातो."

सगळे हसायचे. डूगलही हसायचा. फक्त सगळ्यांच्या आधी थांबायचा.

त्या शनिवारी आठच्या सुमाराला धुकं आलं. मी बादली वाजवत होतो. रॅब आला, कॉलिन आला, डूगल आला. मी कंदील फिरवला तर भाले चार. चौथ्याच्या मुठीवर वुलच्या नावाचं अक्षर डागलेलं.

"वुल कुठंय?" मी विचारलं.

"गेला असेल घरी," डूगल म्हणाला. "एल्स्पेथनं चहा टाकला असेल. चल, मलाही भूक लागली आहे."

मी बादली खाली ठेवली.

अकरा वाजता वुलच्या बायकोचा, एल्स्पेथचा, फोन आला.

वुल तिसऱ्या दिवशी वाळूच्या पट्ट्यावर सापडला. त्याचा भाला त्याच्या मुठीत होता. बांधावरचा भाला जुना होता, त्याच्या पडवीत खिळ्याला टांगलेला असायचा तो. तो कुणीतरी आणून रोवला होता. पोलिसांनी आम्हा चौघांना विचारलं. चौघंही नाही म्हणालो. दफनाच्या दिवशी एल्स्पेथ माझ्याजवळ आली. रडत नव्हती.

"नीनियन, बादली किती वाजता थांबवलीस?"

"पावणेनऊला."

"त्याच्या घड्याळात पाणी शिरलं ते सव्वानऊला," ती म्हणाली. "म्हणजे अर्धा तास तो कान देऊन उभा होता."

तेव्हापासून आम्ही माणसं मोजतो.

तर आता पुन्हा ८ सप्टेंबर. त्या शुक्रवारी डूगल उतरायला तयार नव्हता. पण हॉलच्या जेवणाला मासे हवेत, आणि नाही म्हटलं तर लोक कारण विचारणार. उतरताना मला म्हणाला, "नीनियन, मी वर आल्याशिवाय हात थांबवू नकोस हं."

"नाही थांबवणार," मी म्हणालो.

आठ वीसला धुकं आलं. खाडीकडून नाही. बांधाच्या मागून, शेतातून उतरलं आणि आमच्यावरून खाडीत गेलं. मी वाजवायला लागलो. रॅब वर आला, भाला रोवला. कॉलिन आला, रोवला. दोन. मी दोघांच्या खांद्यांना हात लावून मोजलं. दोन.

आठ चाळीसला डूगलची हाक आली. "वाजवत राहा! ऐकू येतंय!"

जवळून आली. शंभर पावलं असेल. कॉलिननं सुटकेचा श्वास सोडला. माझा हात भरून आला होता, म्हणून दांडका दुसऱ्या हातात घ्यायला मी क्षणभर थांबलो.

बादली थांबली नाही.

लांबून... समुद्राच्या बाजूने... कुणीतरी बादली वाजवत होतं. माझ्याच चालीत.

"आवाज परत येतोय," रॅब म्हणाला. "धुक्यामुळे."

मी तीन ठोके दिले आणि थांबलो. तिकडून तीन आले. मी दोन दिले. दोन आले. मग मी दांडका छातीशी धरून उभा राहिलो.

तिकडून एक आला. मग आणखी एक. मग थांबेचना.

"नीनियन?" डूगलचा आवाज. "कुठल्या बाजूला आहेस तू? पुढेही वाजतंय, मागेही वाजतंय."

"माझ्याकडे ये!" मी ओरडलो. "बादली सोड! माझा आवाज ऐक!"

 मग तो म्हणाला, "तूच बोलतोयस... दोन्हीकडून."

रॅब आणि कॉलिन ओरडायला लागले. मी जिवाच्या आकांताने बादली बडवली. तिकडची बादली त्याच वेगाने वाजली. डूगल शांतपणे चालत असावा. गाळातून पाय उपसल्याचा आवाज येत होता. एक. मग दुसरा. मग थांबला.

"पायाखाली लेप आहे," तो म्हणाला. "मोठा आहे. हलतोय."

"सोड त्याला! ये इकडे!"

"थांब..."

आम्ही थांबलो.

"लेप नाही. पाय आहे. नीनियन... माझ्या पायाखाली पाय आहे."

 तिकडची बादली वाजत राहिली. आणि मग अगदी हळू, समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसा डूगलचा आवाज...

"वुल?"

रॅबनं माझी बाही धरली.

"गंमत केली होती रे. तुझ्याच पडवीतून आणला होता तो भाला. अर्धा तास चाचपडत येशील, मग पबमध्ये मी हसेन, एवढंच. तू येशीलच असं वाटलं होतं मला. तुझे पाय तर... वुल, असं बघू नकोस."

रॅब खाली झेपावला. कॉलिननं त्याला कमरेला धरून ओढलं, कारण तोवर आम्हाला भरती ऐकू आली होती. वाळूवरून ओलं कापड ओढत आणावं तसा तो आवाज. तुम्हाला माहीत आहे तो.

"डूगल, पाणी आलं! पळ!"

"आलो," डूगल म्हणाला. लांबून. आधीपेक्षा लांबून.

"इकडे! इकडे रे!"

"आलो... आलो..."

प्रत्येक वेळी आणखी लांब.

नऊ वाजून पाच मिनिटांनी तिकडची बादली थांबली.

मी थांबलो नाही. बचाव-बोट येईपर्यंत वाजवत होतो, साडेदहापर्यंत. तळहात सोलून निघाले. बोटीचा दिवा पाण्यावर फिरला, तसा कॉलिननं कंदील उचलला आणि मागे वळला.  त्यानं नुसता कंदील खाली धरला.

मग ना? सांगतो, इओना. आम्ही तिघंही रोवलेल्या भाल्यांपासून चार हातांवर उभे होतो. कुणी आमच्या जवळून गेलं नाही. हे मी पोलिसांना सांगितलं, वहीत लिहिलं आणि आता तुम्हाला सांगतोय.

डूगल ११ सप्टेंबरला सकाळी अकरा वीसला सापडला. वुल जिथे सापडला त्याच वाळूच्या पट्ट्यावर. हात रिकामे होते.

आणि त्या रात्री, कॉलिनच्या कंदिलाच्या उजेडात, बांधावर भाले तीन. तिसरा डूगलचा, मुठीला निळी दोरी गुंडाळलेली, हातभर आत रोवलेला. त्याच्या बुडाशी कोरड्या हिरवळीवर ओल्या गाळाचं एकच पाऊल होतं. डावं. बोटं चार.